हळदीच्या बेंजोत बाबांचं प्रास्ताविक

नेरूळला राहायला येऊन काही वर्षं झाल्यावर आमच्या सोसायटीला शोध लागला की आपल्या शेजारी इतिहास आहे. इतिहास म्हणजे रस्त्यापलीकडचं गाव. तळं, तळ्याकाठचं देऊळ, देवळासमोर मैदान आणि दाटीवाटीची कौलारू घरं. आमच्या बिल्डिंगा उभ्या राहण्याच्या कितीतरी पिढ्या आधीपासून ते गाव तिथेच होतं, पण आम्ही तिकडे जायचो ते मासळी घ्यायला, तेही नाकाला रुमाल लावून. सांस्कृतिक समितीच्या सेक्रेटरींनी एका मीटिंगमध्ये 'ऐतिहासिक परिसर' असा शब्द वापरला आणि त्याच मासळीच्या गल्लीत सगळ्यांना एकदम वारसा दिसायला लागला.

तिथे बहुभाषिक चित्रपट महोत्सव भरवायचं ठरलं. खुल्या आकाशाखाली, कारण सोसायटीचा हॉल अजून बांधून व्हायचा होता. समितीत एक मल्याळी, एक बंगाली, एक गुजराती, एक पंजाबी आणि मराठी म्हणून माझे बाबा. राष्ट्रीय एकात्मतेसाठी जमलेली ही मंडळी पहिल्याच बैठकीत पहिला सिनेमा कुठल्या भाषेचा यावरून इतकी भांडली की शेवटी चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. मल्याळी चिठ्ठी निघाली. पंजाबी गृहस्थ पुढचे काही दिवस जिन्यात कुणाकडे बघत नव्हते.

प्रास्ताविकाचं भाषण मात्र बिनविरोध बाबांकडे आलं. दुसऱ्या कुणाला ते नकोच होतं.

बाबांना ते हवं होतं, फार हवं होतं. आयुष्यभर त्यांनी एका कचेरीत टाइपरायटर बडवला. गिरगावात होतो तेव्हा दर रविवारी ते एका फिल्म सोसायटीचे खेळ बघायला जात. खेळानंतर विद्वान लोक चर्चा करत आणि बाबा मागच्या रांगेत बसून ऐकत. तोंड उघडल्याचं त्यांनी कधी सांगितलं नाही. निवृत्त होऊन इथे आले तर लोक त्यांना 'बी विंगवाले काका' म्हणून ओळखायला लागले, तेही टाकीत पाणी नसेल तेव्हा. एकदा तरी चार माणसांनी आपलं ऐकावं, एवढंच त्यांना हवं होतं. त्यांची इच्छा एवढीशीच आहे याचा मला, कॉलेजात जाणाऱ्या अतिशहाण्या मुलीला, राग यायचा.

बाबा दार लावून गॅलरीत सराव करायचे, तोही पुटपुटत, कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून.

"अहो, माइकसमोर असंच पुटपुटणार असाल तर उभे तरी कशाला राहताय?" आई म्हणाली. बाबा म्हणाले, तिथे ऐकशीलच.

समितीने परवानग्या घेतल्या. पोलिसांची, वीजवाल्यांची, आणखी कुणाकुणाची. सुशिक्षित माणसं कुठलीही परवानगी चुकवत नाहीत. ज्यांच्या मैदानात पडदा लावायचा त्या गावाला विचारायचं मात्र कुणाच्या डोक्यात आलं नाही. मे महिन्यातला शनिवार आम्ही सुट्टीचा म्हणून निवडला. त्याच शनिवारी त्याच मैदानाच्या कडेच्या घरात लग्नाची हळद होती, आणि हळद म्हणजे त्या गावात लग्नापेक्षा मोठं प्रकरण. मांडव, अख्ख्या गावाचं जेवण आणि कर्ण्यांची रांग लावून वाजणारी बेंजो पार्टी.

सेक्रेटरींनी नवऱ्या मुलाच्या आजीला पोलिसांचा कागद दाखवला. तिने तो हातही न लावता बघितला. "पोलिसांची हलद नाय, आमची हाय," ती म्हणाली. मग आमचे चेहरे बघून तिला दया आली असावी. "लावा तुमचा सिनेमा. आमी काय नको नाय बोलत. फकस्त जेवल्याबिगर कोनी जायाचा नाय."

अंधार पडला, पडद्यापुढे खुर्च्या भरल्या. आई माझ्याशेजारी ठेवणीतली साडी नेसून बसली होती. बाबा माइकपाशी गेले, खिशातून कागद काढले, चष्मा लावला. त्यांनी तोंड उघडलं आणि बेंजो सुरू झाला.

मला वाटलं, थांबतील. थांबले नाहीत. बाबांचे ओठ हलत होते, एक हात मधूनच वर जात होता, पानं उलटत होती, आणि आमच्या कानांत फक्त बेंजो. समितीची मंडळी ऐकू येत असल्यासारख्या माना हलवत होती. बंगाली गृहस्थांनी तर एका ठिकाणी 'वा' केलं. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं. बेंजोवाले चहाला थांबले तेव्हा बाबांचं शेवटचं पान संपत आलं होतं. अख्ख्या मैदानाला स्वच्छ ऐकू गेला तो एकच शब्द, "धन्यवाद." त्यावर टाळ्यांचा कडकडाट झाला. हळदीच्या मांडवातूनही.

मग सिनेमा झाला. गावातली माणसं पडद्याच्या मागच्या बाजूला सतरंज्या टाकून बसली. त्यांना नायक डावखुरा दिसत होता, पण त्यांची काही तक्रार नव्हती. नायिकेचा बाप वारला तेव्हा मागे बेंजोवर वरातीची चाल लागली होती. पुढच्या खुर्च्या भराभर रिकाम्या होत गेल्या, कारण मांडवात मटण वाढायला घेतलं होतं. बहुभाषिक समिती एका पंगतीला बसली आणि तिथे मात्र कुणी भांडलं नाही.

आम्ही तिघं चालत घरी निघालो. वाटेत सगळे बाबांना सांगत होते, काका, मस्त बोललात. रस्ता ओलांडल्यावर बाबांनी विचारलं, "आवाज येत होता ना मागेपर्यंत?"

"येत होता की," आई म्हणाली. भाजी अळणी झाली तर वाढायच्या आधीच सांगून टाकणारी माझी आई.

"मग तुझ्याबद्दलचं ऐकलंस?"

"माझ्याबद्दल?" तिच्या तोंडून निघून गेलं.

बाबा थांबले. रागावले नाहीत. "म्हणजे काहीच ऐकू आलं नाही," ते म्हणाले. समोरून एक रिक्षा गेली.

"आता नाहीये बेंजो," आई म्हणाली. "म्हणा."

बाबांनी खिशातले कागद चाचपले, पण काढले नाहीत. रस्त्याकडे बघत, गॅलरीतल्यासारखंच पुटपुटत ते म्हणाले, "मी इतके रविवार सिनेमे बघू शकलो, कारण घरी कुणीतरी पोरं सांभाळत होतं. तिला घेऊन जायचं मला कधी सुचलं नाही. आज ती पहिल्यांदा समोर बसली आहे. हा खेळ तिच्यासाठी."

आईने पदराने चेहरा पुसला. उकडत होतंच.

"परत म्हणा," ती म्हणाली. "जरा मोठ्याने."