आधी दांड्या उचला

दोन दिवसांच्या घोडेस्वारीला निघालात, तर तुमच्या घोड्याचा चारा कोण ओढतं, हे कधी विचारलंय का?

आमची घोडी ओढते. सर्जापूर रोडच्या मागच्या तबेल्यातून हौशी स्वार टेकड्यांकडे निघतात. त्यांच्या मागून चारा, भरड आणि पाण्याचे कॅन घेऊन आमचा जटका जातो. जटका म्हणजे दोन चाकांचा टांगाच. मामा हाकतो, मी भरते. गाडी भरली की घोडी जोडण्याआधी पुढच्या दांड्या हाताने उचलून बघायच्या, हा आमचा नियम. जड लागल्या तर ते ओझं घोडीच्या पाठीवर येणार.

एकदा शहरातल्या एचएसआर लेआउट वस्तीतली मंडळी आली. त्यांचा म्होरक्या पुण्याचा, आयटीतला. त्याने चाऱ्यावर घडीच्या खुर्च्या, बर्फाची पेटी आणि छोटा जनरेटर चढवला. मी दांड्या उचलल्या. जड.

"उतरवा," मी म्हटलं.

"एक मिनिट, ताई." त्याने जनरेटर गाडीच्या मागच्या टोकाला सरकवला. "आता उचला. दोन बोटांनी येतंय की नाही? सिंपल फिजिक्स!"

खरंच येत होतं. टाळ्या पडल्या.

मामाने मला बाजूला ओढलं. "सरी, सोड की आता. चढ स्वल्पच आहे. यांच्याशिवाय आपल्याला दर महिन्याला कोण बोलावतंय?"

कोणीच नाही. हे गेले तर घोडी वरातींना द्यावी लागणार होती, आणि फटाका वाजला की ती थरथर कापते. पण पट्ट्याने सोलवटलेल्या पोटाची घोडी तरी किती दिवस टिकणार? आमच्या घरी सगळेच चळवळीतले, पोहेसुद्धा मोर्च्यातून उरलेल्या पत्रकांवर वाढायचे. त्यामुळे अशा वेळी माझ्या जिभेवर आख्खं भाषण तयार असतं. मामाने ते ओळखलं. "पत्रक वाचू नकोस गं बाई!"

नाही वाचलं. पुणेकराला म्हटलं, "घोडी नंतर जोडू. आधी तुम्ही दांड्या धरा आणि फाटकापर्यंतचा चढ चढवा. मागून ढकलायला आम्ही आहोत."

"जा रे, फिजिक्स!" त्याचे मित्र ओरडले.

चढ लागला तसं उंच रचलेलं सगळं वजन मागे कललं आणि दांड्या वर उठल्या. तो आधी चवड्यांवर आला, मग जवळजवळ लोंबकळायला लागला.

"ताई, धरा! हातांना कापतंय!"

"घोडीला हात नाहीत," मी म्हटलं. "दांड्यांना धरून ठेवणारा पट्टा तिच्या पोटाखालून जातो. तुमच्या हातांना जे कापतंय ते तिच्या पोटाला कापणार. प्रत्येक चढावर."

आम्ही गाडी खाली घेतली. तो आधी हसला, मग लाल झालेले तळवे बघत राहिला. "जनरेटर काढा रे. पेटीपण."

"आणि खुर्च्या."

"खुर्च्या तरी राहू देत ना!"

"दिवसभर खोगिरावर बसल्यावर संध्याकाळी कोणाला बसायचं असतं?"

यावर मामाच पहिला हसला. ते सामान कोणाच्या तरी गाडीतून परत गेलं आणि घोडी टेकड्यांचे सगळे चढ न थांबता चढली. पुढच्या महिन्यात त्याच मंडळींचा फोन आला. प्रत्येकाने खोगिराला बांधायची पिशवी शिवून घेतली होती.

तुम्हीही एवढं करा. लांबच्या घोडेस्वारीला जाताना आपल्या खोगिराला बांधता येईल तेवढंच सामान घ्या. मागच्या गाडीत फक्त घोड्यांचं खाणंपिणं जाऊ द्या. त्यावर कोणी खुर्ची ठेवली, तर ती स्वतःच्या हाताने उतरवा.