होडी टेकवताना

आई गेल्यावर मूर्तिजापूरजवळच्या गावी वडील एकटे राहत होते आणि अमरावती जिल्ह्यातल्या एका धरणावरच्या क्वार्टरमध्ये मी एकटा. मी तिथं कनिष्ठ अभियंता. आमच्या घरातला कॉलेज शिकलेला पहिलाच. वडिलांनी कायमचं माझ्याकडे यावं म्हणून मी त्यांच्या मागे लागलो होतो. "तिथं मी काय करू? पाणी पाहत बसू?" असं ते विचारायचे. म्हणून पाहणीच्या होडीसाठी लिफ्ट बसवायचं ठरलं, तेव्हा मी मुद्दाम फोन केला. "काम हाय, बाबा. या."

ते आले.

लिफ्ट म्हणजे काठाजवळ पाण्यात रोवलेले चार लोखंडी खांब, त्यांच्यामध्ये तारांवर वर-खाली होणारी चौकट आणि तिच्यावर जाड कापड गुंडाळलेल्या दोन लांब लाकडी तुळया. होडी त्या तुळयांवर आणायची आणि मोटर लावून पाण्याबाहेर उचलायची.

वडिलांनी जन्मभर बैलगाडी हाकली, लोकांचा कापूस वाहिला. त्यावरच मी शिकलो. गाडी भरताना ओझं जरा पुढे घ्यायचं, धुरजड ठेवायचं, म्हणजे जू बैलांच्या मानेवर नीट बसतं. मागे वजन झालं की गाडी उलाळ होते, पुढून उचलली जाते. हे मी लहानपणापासून ऐकत आलो.

"पुढं घे, अजून पुढं," वडील काठावरून होडीवाल्याला म्हणाले. "मांगं इंजिन हाय. उलाळ होईन."

"काका, बैल कुठून आणू?"

"तुलेच जुपतो, चाल!"

सगळे हसले आणि होडी आणखी पुढे सरकली. आई गेल्यापासून त्यांचा असा आवाज मी ऐकला नव्हता. लिफ्टच्या नकाशात मात्र होडीची मागची कड तुळयांच्या मागच्या टोकाशी जुळवायला सांगितलं होतं. "जरा उचलून पाहू," एवढंच मी म्हणालो.

होडी हातभर वर आली आणि करकरली. तिचा पुढचा भाग तुळयांच्या बाहेर लोंबत होता. पुढे गेलेल्या त्या वजनाला खाली आधारच नव्हता. तशीच ठेवली असती तर तळाला तडा गेला असता. मी मोटर थांबवली. होडी पाण्यात सोडून मागे घेतली, टोकं जुळवली, पुन्हा उचलली. आता ती गुमान बसली.

वडील वाकून तिच्या खाली बराच वेळ पाहत राहिले.

"इथं जू कोणाच्याच मानेवर नाई," ते म्हणाले. "मंग पुढं वजन देऊन काय उपेग?"

त्यांच्या बोलण्यात राग नव्हता. पण त्यानंतर दिवसभर ते कोणाला काही सांगायला गेले नाहीत.

जेवताना मी विचारलं, "आता राहता ना, बाबा?"

"तुयं काम चांगलं हाय." त्यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "पण मले गावी जाऊ दे. तिथलं मले समजते."

मी आणखी बरंच बोललो. ते ऐकत होते आणि जेवत होते.

संध्याकाळच्या एसटीत त्यांना बसवून दिलं. गाडी सुटता सुटता त्यांनी खिडकीतून विचारलं, "पाणी चढलं तं खांब पुरतीन ना?"

"पुरतीन, बाबा."

परत येताना काठावर थांबलो. होडी पाण्याच्या वर कोरडी, स्थिर बसली होती. घरी आलो आणि त्यांच्यासाठी घेतलेली नवी बाज भिंतीला उभी करून ठेवली.