भिंतीतलं गेट

गाव सोडलं त्या दिवशी भावाच्या टेम्पोत कपाट, शेगडी आणि दोन्ही मुली बसल्या. मी आणि हे मिठागराच्या बांधावरून चालत निघालो आणि टेम्पोच्या आधी नव्या फ्लॅटवर पोचलो. माझं माहेर-सासर एकाच गावातलं. "लांब थोडीच चाललीस? रोज येशील," आई म्हणाली होती.

सुरुवातीला रोज गेलेही. मग मिठागरांवर भराव पडला, आणखी इमारती आल्या आणि आमच्या सोसायटीनं मागं भिंत बांधली. गावातल्या गल्ल्या अरुंद, पण प्रत्येक गल्ली कुठंतरी निघते, कुणाच्या पडवीतून, कुणाच्या विहिरीशेजारून. आमच्या नव्या सेक्टरातले रस्ते ऐसपैस, पण जाऊन कुणाच्या तरी गेटवर संपतात. बाल्कनीतून गावच्या देवळाचा कळस दिसायचा. तिथं जायला मात्र रिक्षानं पुलाखालून वळसा. रोजचं जाणं रविवारवर आलं.

एका सकाळी आई न्हाणीत पडली. आईच्या शेजारच्या सुमनकाकीचा फोन येताच मी धावत खाली उतरले आणि जुन्या सवयीनं मागच्या बाजूला गेले. समोर भिंत. तिथंच रडू फुटलं. रिक्षानं पोचेपर्यंत काकी तिला दवाखान्यात घेऊनही गेली होती. मनगट मोडलं होतं.

"तू कशाला घाबरलीस?" आई म्हणाली. "काकी आली ना मागच्या दारानं."

तिला फ्लॅटवर आणलं. आठवडाभर कशीबशी राहिली. "हितं मानसं हायत, पन कुनाकं जावाला वाट न्हाय," म्हणाली आणि परत गेली.

मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये भिंतीत छोटं गेट मागितलं. तळमजल्यावरच्या बाई म्हणाल्या, "सिक्युरिटीचं काय? उद्या कुणीही आत येईल."

"कुणीही म्हणजे माझी आई येईल," मी म्हणाले. आवाज चढला होता. हे माझा हात ओढत होते.

बरीच वादावादी होऊन शेवटी गेट करून ते दिवसा उघडं ठेवायचं ठरलं.

ते उघडल्यावर आई यायला निघाली. जेवणाची वेळ टळली तरी पत्ता नाही. शोधायला खाली उतरले, तर ती तळमजल्यावरच्या त्याच बाईंच्या सोफ्यावर बसून त्यांना जवळ्याची चटणी समजावत होती.

"दार उघडं दिसलं, गेले आत," आई म्हणाली.

बाई कसनुसं हसल्या. "बसा ना, चहा ठेवते."

इतकी वर्षं त्या इमारतीत राहून मी पहिल्यांदाच शेजाऱ्यांकडे बसले.

परवा सुमनकाकीनं फोनवर विचारलं, "घरी कधी येतेस गो?"

"घरीच हाय," मी म्हणाले. "तूच ये. अंधार पडेपर्यंत गेट उघडं असतं."