मार्कर भावजींचं मनगट

आमचे मार्कर भावजी चेंडू मारल्यावर वर बघत नसत. चेंडू कुठं गेला ते बाकीच्यांनी बघायचं. यांची मान खालीच, जिथून चेंडू उडाला त्या जागेवर नजर. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाले, "हाताला कळलंया की वहिनी. परत डोळ्याला काय इचारायचं?"

हे माझे धाकटे दीर. महाबळेश्वरला साहेब लोकांच्या गोल्फच्या मैदानावर पगारी खेळाडू होते. साहेबांबरोबर खेळायचं, त्यांना शिकवायचं आणि शेवटच्या खड्ड्यापाशी बेतानं हरायचं, अशी ती नोकरी. अशा माणसाला तिथं मार्कर म्हणत. आमचं गाव उंब्रजच्या बाजूला. घरटी एक माणूस पलटणीत, बाकीचे उसात. काठीनं चेंडू मारून पोट भरणारा गावात हा एकटाच. पाणवठ्यावर बायका मला विचारायच्या, तुझा दीर नक्की करतो तरी काय गं? काय सांगणार, कपाळ!

पावसाळ्यात वरचा क्लब बंद झाला की भावजी चार महिने घरी. सोप्यात आबांचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा, तांब्या आडवा ठेवायचा आणि सहा पावलांवरून त्यात चेंडू घालायचा. दिवसभर नुसतं टण् टण्. आबा परसाकडं निघाले की तांब्यासाठी ओरडायचे, पण ओरडता ओरडता उंबऱ्यावर टेकायचे आणि चेंडू मोजत बसायचे. "मनगट हललं की संपलं," हे भावजींचं वाक्य. ते माझ्या भाकरीलासुद्धा लावायचे. एकदा चिडून मी म्हटलं, या थापायला. बसले की खरंच! भाकरी माझ्यापेक्षा गोल आली. राग आला मला, खोटं कशाला बोलू.

मग लढाई सुरू झाली. माझे मालक पलटणीबरोबर बोटीत बसून गेले. क्लबातला बडा मार्कर गोरा होता, तोही गेला. त्याच्या जागेसाठी साहेबांनी पुण्याला सगळ्या मार्करांचा दोन दिवसांचा सामना ठेवला. जिंकेल त्याला बड्या मार्करची जागा. आपल्या माणसाला ती जागा तोवर कधी मिळाली नव्हती. निघताना भावजी पाया पडले आणि म्हणाले, "वहिनी, पयल्यांदाच जिकायला सांगत्यात." जन्मभर हरण्याचा पगार घेतलेला माणूस तो.

ते गेले आणि आबांची छाती कफानं भरली. ताप उतरेना. त्याही स्थितीत आबा म्हणाले, पोराला कळवू नका, खेळ होऊ दे त्याचा. ते आजाराबद्दल बोलले होते. सामन्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे आबा गेले. थोरले चुलत सासरे म्हणाले, तार करू, वाट बघू, लेकानं अग्नी दिला पाहिजे. उंब्रजच्या पोस्टात जायला माणूस निघालासुद्धा. मीच त्याला वेशीतून परत बोलावलं. आबांचा शब्द आहे असं सगळ्यांना सांगितलं. शब्द माझा होता. दोन लेक असून आबांना पुतण्यानं अग्नी दिला.

तिसऱ्या दिवशी राख सावडून माणसं दारात हातपाय धूत होती, तेवढ्यात वाटेनं भावजी आले. काखेत चांदीचा पेला, पेल्यात साताऱ्याहून घेतलेले कंदी पेढे. वाटेवरूनच म्हणाले, "आबा कुठं हायत? पयला पेढा त्यांना." मग पुतण्याचं तासलेलं डोकं त्यांना दिसलं. पेला त्यांनी अलगद जमिनीवर ठेवला.

त्यांनी मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. दहाव्याचा विधी उरकल्यावर एवढंच म्हणाले, "वहिनी, तुमी माज्या भल्याचंच केलंसा. पर मला इचारायचं हुतं."

जागा मिळाली, पण मनगट गेलं. लांबचा चेंडू पूर्वीसारखाच जायचा. हातभरावरून खड्ड्यात घालायची वेळ आली की हात थरथरायचा. पुढच्या पावसाळ्यात मी चुलीपुढं बसून कान देऊन ऐकत होते. टण् असा आवाज येईना. चेंडू तांब्याच्या काठाला घासून भिंतीवर जायचा. दोन हंगामांत साहेबांनी त्यांना काढून खड्ड्यांभोवतीचं गवत कापायला लावलं. माझ्या हातून एका माणसाचा जन्म वाया गेला, दुसरं काय म्हणू?

लढाई संपत आली तेव्हा माझ्या लेकीचं लग्न निघालं. हळदीच्या दिवशी भावजी बाजाराला उंब्रजला गेले होते. तिथं पोस्टात पलटणीकडून आमच्या नावची आलेली तार त्यांच्या हातात पडली. चुलत सासरे बरोबर होते. अक्षता पडेपर्यंत चकार शब्द काढायचा नाही, अशी शपथ त्यांनी भावजींना वाटेत घातली. भावजी घरी आले ते थेट माझ्यापाशी. मला कणगीच्या खोलीत नेलं आणि म्हणाले, "वहिनी, दादा गेला. तार आलीया. लगीन थांबवायचं का हुंद्यायचं, तुमी सांगा."

मी कणगीला धरून उभी राहिले. बाहेर बायका जात्यावर गात होत्या. मी म्हणाले, होऊ द्या.

दुसऱ्या दिवशी मी कपाळभर कुंकू लावलं. ओट्या भरायला चुलत जावेला पुढं केलं, माझी कंबर धरलीय म्हणून सांगितलं. अंतरपाटाचं एक टोक भावजींच्या हातात होतं. मंगलाष्टकं संपेपर्यंत मी त्या हाताकडंच बघत होते. तो हलला नाही.

लेक पहिल्यांदा माहेरी आली तेव्हा तिला सांगितलं. किती दिवसांपासून ठाऊक होतं, तेही सांगितलं. ती रडली नाही. म्हणाली, "आई, मला का न्हाई इचारलंस?" भावजी दारात उभे होते. मी त्यांच्याकडं बघितलं. त्यांची मान खाली होती.