पायाळूचा डावा पाय

"हिचा डावा खुबा खोबणीत नीट बसलेला नाही," असं डॉक्टर म्हणाले आणि नेमकी तेव्हाच माझी मुलगी त्यांच्याकडे बघून हसली. दीड महिन्याचं बाळ कोणाकडेही बघून हसतं, हे मला कळत होतं. तरी मला तिचा राग आला. अगं, कशाला हसतेस त्यांना?

"इथे हात ठेवा," ते म्हणाले. त्यांनी तिची मांडी हलकेच बाहेर वळवली. माझ्या बोटांखाली काहीतरी सरकलं आणि धपकन जागेवर गेलं. तिला काही दुखलं नाही. मला मात्र ते सरकणं पुढे कितीतरी रात्री हाताला जाणवत राहिलं.

आजाराचं नाव डेव्हलपमेंटल डिसप्लेझिया ऑफ द हिप. डॉक्टर लोक डीडीएच म्हणतात. मांडीच्या हाडाचा वरचा गोळा कमरेच्या हाडातल्या वाटीत बसलेला असतो. हिची वाटी उथळ होती, म्हणून गोळा आत-बाहेर करत होता. आत्ता बसला तर बसला. नाही बसला तर भूल देऊन बसवायचा आणि छातीपासून पायापर्यंत प्लास्टर. तेही केलं नाही, तर मुलगी जन्मभर लंगडणार.

"पहिलं बाळ, मुलगी, त्यात पायाळू. अशा बाळांमध्ये हे जास्त दिसतं. तुमचं काही चुकलेलं नाही," डॉक्टर म्हणाले.

पायाळू म्हणजे पोटात डोकं वर आणि खालची बाजू पुढे असलेलं बाळ. शब्द ऐकताच माझी आई खुर्चीत सावरून बसली. ती माझ्या बाळंतपणासाठी यवतमाळहून आमच्या विश्रांतवाडीच्या फ्लॅटवर आली होती. आमच्याकडे पाठीत चमक भरली की पायाळू माणूस शोधून आणतात. त्याने पाठीला पाय लावला की चमक जाते म्हणतात. नात पायाळू म्हटल्यावर आईला कोण आनंद झाला होता!

"पायाळूले काय होते, डॉक्टरसाहेब? तिच्या पायानं तर लोकायच्या चमका जातात."

"लोकांच्या चमका सावकाश घालवू, आजी. आधी पाय जागेवर आणू."

पुण्यात सहानुभूती अशीच मिळते. दहा वर्षं इथल्या कंपनीत काढल्यामुळे मला तिची सवय झाली होती. आईला नव्हती.

उपचार म्हणजे हार्नेस. मऊ पट्ट्यांचा एक साज, खांद्यांवरून येऊन दोन्ही पाय बेडकासारखे दुमडून बाहेर धरून ठेवणारा. तसे पाय राहिले की गोळा वाटीत दाबून राहतो आणि वाटी हळूहळू खोल होते. त्या हॉस्पिटलात यावर संशोधन चालू होतं. हार्नेस घरी अजिबात काढायचा नाही, की रोज आंघोळीपुरता काढलेला चालतो? डॉक्टर म्हणाले, "दोन्ही पद्धती वापरात आहेत. बरी कुठली, ते मला माहीत नाही. माहीत असतं तर अभ्यास कशाला केला असता?" कुठलं बाळ कुठल्या गटात, ते कॉम्प्युटर ठरवणार. आईबापांनी निवडायचं नाही, डॉक्टरांनीही नाही.

नवरा तेव्हा कंपनीच्या कामासाठी अमेरिकेत होता. फोनवर म्हणाला, "तुला पटत असेल तर हो म्हण." मी हो म्हटलं. मी सॉफ्टवेअर टेस्टिंगवाली. आयुष्यभर कॉम्प्युटरच्या चुका काढल्या, त्याने त्याचा सूड उगवला. आमचा गट निघाला अजिबात न काढण्याचा. आंघोळ नाही, ओल्या फडक्याने पुसायचं फक्त.

"लेकराले पारोसं ठेवायचं?" आईने मला पुनःपुन्हा विचारलं. तिच्या लेखी न्हाऊ न घातलेलं बाळ म्हणजे टाकून दिलेलं बाळ. तेल, डाळीचं पीठ, कढत पाणी, मग ओव्या-वेखंडाची धुरी. यातलं काही नाही म्हणजे आजीपण तरी कशाला उरलं?

त्यानंतरचे दिवस मला धुक्यातून दिसावेत तसे आठवतात. रात्र कुठे संपायची आणि दुपार कुठे सुरू व्हायची, कळत नव्हतं. पाजायचं, पुसायचं, दुमडलेल्या पायांकडे बघत बसायचं. दुपारी आई म्हणायची, "नीज जराशी, मी हाव ना." मग मला एकच स्वप्न पडायचं. कुठेतरी पाणी ओतल्याचा आवाज. पिवळसर उजेडात वर वर चढणारा धूर, वेखंडाचा वास. कोणीतरी हलक्या आवाजात म्हणतंय, झालं हो माय, झालं. त्या धुरात माझी मुलगी दोन्ही पाय लांब करून तरंगते आहे. इतकं सुख वाटायचं की जाग आल्यावर मी रडायचे. वाटायचं, मला जे देता येत नाही तेच मी स्वप्नात बघते.

एके दुपारी तशीच जाग आली. मुलगी शेजारी झोपलेली, हार्नेस अंगावर. मी तिचा वास घेतला. वेखंड! कानामागे बोट फिरवलं तर डाळीच्या पिठाचा वाळका कण. मग पट्ट्यांकडे पाहिलं. डॉक्टरांनी प्रत्येक पट्ट्यावर पेनाने खूण केली होती, आणि डाव्या पायाचा पट्टा खुणेच्या खाली बांधलेला होता.

मी स्वयंपाकघरात गेले ती ओरडतच. "आई, तू हार्नेस सोडतेस?"

"रोज नाही सोडत," आई म्हणाली. मग पदर डोळ्यांना लावून, "घामानं मानेत लाल झाली होती गं. कशी बघू?"

"आणि ती लंगडी झाली तर? तेव्हा कशी बघशील?"

असं आईला मी कधी बोलले नव्हते. ती भिंतीला टेकून खाली बसली. आत मुलगी उठून एकटीच स्वतःशी बोलत होती.

हॉस्पिटलात काय सांगायचं, हा पुढचा प्रश्न. न सांगणं सोपं होतं. डॉक्टरांच्या खोलीबाहेर बसलो होतो तेव्हा मला तेच वाटत होतं. पण दार उघडताच, मी तोंड उघडायच्या आत, आईच म्हणाली, "साहेब, मी सोडला. माह्या हातानं. माह्या पोरीले माहीत नव्हतं. नातीचं नाव काटू नका."

डॉक्टरांनी चष्मा काढला. "नाव कशाला काढू? ज्या गटात आली त्याच गटात ती मोजली जाणार. घरी खरं काय घडलं ते मात्र लिहायचं. तुम्ही लपवलं असतं ना, आजी, तर आम्हाला चुकीचं उत्तर मिळालं असतं आणि ते दुसऱ्याच कुठल्यातरी बाळाला भोवलं असतं. आता सोडणार का परत?"

"आईची आण."

"आईची नको. नातीची घ्या."

आईने घेतली आणि पाळली. मानेला डॉक्टरांनी मलम दिलं. खुबा बसला की बिघडला, हे मात्र पुढच्या सोनोग्राफीपर्यंत कळणार नव्हतं. त्या वाट बघण्याबद्दल मला काही शहाणपण सांगता येणार नाही. मी फक्त तिच्या पायांशी बोलत असे.

सोनोग्राफीच्या अंधाऱ्या खोलीत पडद्यावर करडा चंद्र दिसावा तसा तो गोळा दिसला. डॉक्टरांनी पडद्यावर दोन रेघा ओढून कोन मोजला. मग म्हणाले, "बसलाय. वाटीही खोल होतेय."

आई रडायला लागली. "म्हणजे आंघोळीनं बिघडलं नाही?"

"या बाळाचं नाही बिघडलं. दुसऱ्याचं बिघडेल की नाही, ते एका बाळावरून कसं सांगू? सगळी बाळं मोजून झाली की सांगेन."

आणखी काही आठवड्यांनी हार्नेस निघाला. तरीही वर्षाची होऊन एक्स-रे निघेपर्यंत धाकधूक होतीच. पण हार्नेस निघाला त्याच संध्याकाळी आईने पाय पसरून तिला पायांवर घेतलं, मला हाक मारली आणि तांब्या माझ्या हातात दिला. मी डावी मांडी चोळली. बोटांखाली काहीच सरकलं नाही.

तुमच्या घरात पायाळू मुलगी झाली असेल, तर डॉक्टरांना खुब्याची सोनोग्राफी करायची का, ते विचारा. दुपट्यात पाय सरळ ताणून बांधू नका, मोकळे दुमडू द्या. आणि संशोधनात असाल, तर चुकलेलंही सांगा. ज्या बायकांनी माझ्याआधी आपली बाळं असल्या अभ्यासांत दिली, त्यांची नावं मला माहीत नाहीत. माझ्या मुलीचा पाय त्यांच्यामुळे जागेवर आला, असं मी मानते.

ती चालायला लागली आणि यवतमाळला परतलेली आई पुन्हा पुण्याला आली. दुसऱ्याच सकाळी तिच्या पाठीत चमक भरली. खरी की मुद्दाम, देव जाणे. ती चटईवर पालथी पडली आणि ओरडली, "आण गं माह्या डॉक्टरणीले!"

मुलगी डुलत डुलत गेली. एका हाताने माझं बोट धरून तिने आजीच्या पाठीवर पाय ठेवला. डावा. त्याच पायावर सगळा भार टाकून ती वर चढली, आणि माझं बोट सोडून दिलं.

"गेली का चमक?" मी विचारलं.

"कुठची जाते," आई चटईत तोंड खुपसून म्हणाली. "उतरवू नको तिले. राहू दे उभी."