पायाळू अक्का

सुभद्राअक्का कोणाच्याही पाठीवर पाय ठेवायच्या आधी त्याला अख्खं अंगण टाचांवर चालायला लावायची. ऐंशीच्या दशकात मी असोद्याच्या शाळेत शिकवायचो. केळीचे भलेभले बागाईतदार तिच्या अंगणात बदकासारखे चालताना शेजारच्या ओट्यावरून पाहायचो आणि खुशाल हसायचो. अक्का पायाळू, म्हणजे जन्मताना तिचे पाय आधी बाहेर आलेले. अशा माणसाचा पाय लागला की कंबरेतली चमक निघते, असं आमच्याकडे सगळेच मानतात. त्यामुळे तिच्या दारात कोणी ना कोणी कण्हत उभं असायचंच.

"नुसती कंबर दुखते, का पायात बी मुंग्या येता?" ती विचारायची. मुंग्या येतात म्हटलं की तिचा चेहरा उतरायचा. "मंग इथं थांबू नको रे बाप्पा. जळगावले जाय, डॉक्टरले दाखव." कोणी गयावया केली तर चक्क हाकलायची. टाचांवर चालताना ज्याचा चवडा खाली पडे, त्यालाही तेच.

हा धसका हिरामणभाऊंपासूनचा. हे तिचे धाकटे दीर. केळीचे घड ट्रकमध्ये चढवताना त्यांची कंबर धरली आणि कळ पार पोटरीत उतरली. त्या दिवशी अक्काने काहीच विचारलं नाही. "आत्ता मोकळा करते तुले," म्हणत ती हौसेने त्यांच्या पाठीवर उभी राहिली. संध्याकाळी त्यांचं पाऊल लुळं पडलं. ऑपरेशन झालं, पण पाऊल काही पुन्हा उचललं गेलं नाही.

डॉक्टर तिला माझ्यादेखत म्हणाले, "मणक्यातली गादी आधीच सरकलेली होती. तुमच्यामुळेच झालं असं नाही." परतताना एसटीत ती म्हणाली, "आधीच सरकली व्हती, अन् मी वरून उभी राह्यले ना, मास्तर?"

हिरामणभाऊंनी तिला कधी बोल लावला नाही, आणि तेच तिला सोसवत नसे. ते पाय ओढत आले की ती ताट वाढून आत निघून जायची. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर ती बरी राहिली असती, असं मला वाटतं.

शेवटच्या आजारात तिला उठवत नव्हतं. एका दुपारी भाऊ खाटेवर तिच्या पायथ्याशी पाठमोरे बसले, हात मागे नेऊन तिचं पाऊल उचललं आणि आपल्या कंबरेला टेकवलं.

"वहिनी, माह्या मनात काही नाही."

अक्काने पाऊल ओढून घ्यायला पाहिलं, पण अंगात तेवढं बळ उरलं नव्हतं. ती रडायला लागली.

"सरक रे हिरामण," ती म्हणाली, "तुले लागन."