वाळू खाणारी म्हैस

साल १९९४, वय माझं बेचाळीस. मांजरी गावाकडं तेव्हा ऊस मागं सरत होता आणि इमारती पुढं येत होत्या. इतकी वर्षं झाली, पण तो अर्ज डोक्यातून जात नाही. मी शिपायाचा फौजदार झालेला माणूस. चौथीच्या पुढं मास्तरांना मला नेता आलं नाही, पण माणूस मला वाचता येतो.

अर्ज एका ठेकेदाराचा. सात मजली इमारतीच्या पायासाठी त्यानं लोखंडी खांब जमिनीत ठोकले होते. एका खांबाच्या डोक्यावर मचाण बांधून वाळूची पोती रचायची आणि खांब खचतो का ते काट्यावर बघायचं, अशी चाचणी चालली होती. तक्रार अशी, की शेजारच्या शेतकऱ्याची म्हैस येऊन पोती फाडते, मालक मुद्दाम सोडतो. म्हैस कोंडवाड्यात घाला, मालकावर गुन्हा दाखल करा.

शेतकऱ्याला ठाण्यात बसवलं. त्याचं घर त्या एका म्हशीच्या दुधावर चालायचं. कितीही दरडावलं तरी त्याचं एकच, "साहेब, म्हस हाय ती. खायाला असंल तिथं जाती. वाळूला कशाला जाईल?"

मला ते पटलं. ठेकेदाराला विचारलं, तर तो शांतपणे म्हणाला, "अहो, मालकानं शिकवलं असेल तिला."

मास्तरांना मी जमलो नाही, तिथं म्हशीला कोण शिकवणार?

"मग आरोपीला घटनास्थळी नेऊन पंचनामा करू," मी म्हणालो. चाचणी बिघडेल, इंजिनिअर आलेत, अशी बरीच कारणं निघाली. मी हटलो नाही. पंचांसमोर म्हैस सोडली. पुढची पोती तिनं नुसती हुंगली. मग मान लांबवून मागचं पोतं ओढलं, फाडलं आणि निवांत खाऊ लागली. आत उसाच्या वाढ्यांची कुट्टी. दर्शनी रांग वाळूची, मागं सगळा हलका चारा. खांब तसूभर खचला नाही म्हणून इंजिनिअर सकाळपासून कौतुक करत होता.

गुन्हा दाखल झाला, ठेकेदारावर. खऱ्या वाळूखाली तोच खांब वीतभर खाली गेला.

या प्रकरणानं मला शिकवलं, की ज्याचं पोतं उघडं पडणार असतं तोच आधी ठाण्यात धावतो, आणि भुकेला साक्षीदार खोटी साक्ष देत नाही. टीप कुणी दिली, असं वरिष्ठांनी विचारलं. खबऱ्याचं नाव फोडायचं नसतं. मी सांगितलं नाही, आजही सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र हिरव्या कडवळाची पेंढी सायकलला बांधली, गोठ्यावर गेलो आणि खबऱ्याचं बक्षीस स्वतःच्या हातानं पोचतं केलं.